अंडर-१३च्या ट्रायलला काय बघायचं: पळ की पाय?

डिचोलीकर

मंडळी, प्रश्न घरचाच आहे, पण इथे फुटबॉलवाले बरेच आहेत म्हणून टाकतोय.

भाचा बारा वर्षांचा. नोव्हेंबरचा जन्म, अंगाने काटकुळा, वर्गात रांगेत पुढे उभा करतात त्यातला. चेंडू मात्र त्याच्या पायाशी सुखाने नांदतो. अंगणात, गल्लीत, देवळामागच्या मोकळ्या जागेत, कुठेही बघा, पोराची नजर वर आणि चेंडू खाली आपला आपण चाललेला. परवा एका क्लबच्या अंडर-१३ ट्रायलला गेला. क्लबचं नाव लिहीत नाही, विचारूही नका. तिथे आधी तीस मीटर सरळ पळायला लावलं, स्टॉपवॉच लावून. मग कोन ठेवून आणखी पळापळ. चेंडूंची जाळी सोडली तोवर निम्मी पोरं घरी पाठवून झाली होती. त्यात आमचे चिरंजीव. कोच भावोजींना म्हणाले, "वॉर्मअपला बघितला मी त्याला, टच बरा आहे. पण पाय जड. हल्ली स्पीडशिवाय काय चालत नाही."

आता भावोजींनी मनावर घेतलंय. बांबोळीच्या ट्रॅकवर कोणी स्प्रिंट शिकवतो का याची चौकशी चालू आहे, आणि तोवर चेंडू कपाटावर. पोरगं तोंड पाडून बसलंय. मला हे सगळं उलटं वाटतं, पण भाचा माझा म्हणून तसं वाटतंय की खरंच उलटं आहे, ते तुम्ही सांगा. फुटबॉलमध्ये नुसता वेग चेंडूच्या कसबापेक्षा मोठा का?

विंगर_अकरा

दादा, राग मानू नका, पण कोचच्या जागी मी असतो तर मीही तेच केलं असतं.

मी म्हापशाकडे बरीच वर्षं विंगला खेळलो. माझ्यापेक्षा चांगला टच असलेले आमच्या संघात निदान चारजण होते, पण समोरच्या बॅकला घाम फुटायचा तो माझ्यामुळे. टच शिकवता येतो हो. वेग कुठून आणणार?

२०१४ची कोपा देल रेची, म्हणजे स्पेनच्या कपाची फायनल आठवा. बार्सिलोनाच्या बार्त्राने रियाल माद्रिदच्या बेलला ढकलून लाइनबाहेर काढला. बेल मैदानाबाहेरून पळत गेला, वळसा मारून आत शिरला आणि गोल करून मोकळा. त्यात कलाकुसर काय होती? चेंडू पुढे टाकला आणि पळाला, बस्स. २०१८च्या वर्ल्ड कपात एम्बापे अर्जेंटिनाविरुद्ध स्वतःच्या हाफमधून सुटला, रोहोला त्याला पाडण्यावाचून इलाजच उरला नाही. पेनल्टी. वर त्याने स्वतःचे दोन गोल केले ते वेगळेच. वय वर्षं एकोणीस.

आणि आता तर बॅकसुद्धा हरणं झालेत. टॉटनहॅमचा व्हान दे वेन सेंटर बॅक आहे, तरी जानेवारी २०२४मध्ये त्याचा वेग ताशी ३७.३८ किलोमीटर मोजला गेला. असा माणूस मागे असताना तुमची नाजूक फिरकी किती वेळ टिकणार?

आकडे हवेत? २०१२मध्ये जर्मन लीगच्या ३६० गोलांचा अभ्यास छापून आला होता. गोल करणाऱ्याने चेंडू जाळ्यात जाण्याआधी नेमकं काय केलं, ते त्यात मोजलं होतं. ४५ टक्के गोलांत सरळ स्प्रिंट. दुसऱ्या नंबरला उडी, १६ टक्के. बाकी सगळं त्याखाली. विषय संपला.

पेडणे_एक्स्प्रेस

आमच्याकडे कोचचं एकच वाक्य: "घाल पुढे नि धाव." त्यामुळे हा वाद आमच्या तालुक्यात केव्हाच निकालात निघालाय.

जुना_हाफ_मडगाव

विंगरबाब, विषय एवढ्यात कसा संपेल? जगातला सगळ्यात वेगवान माणूस फुटबॉल खेळायला आला होता हे विसरलास वाटतं. उसेन बोल्ट, २०१८, ऑस्ट्रेलियाचा सेंट्रल कोस्ट मरिनर्स क्लब. एका मैत्रीपूर्ण सामन्यात दोन गोलही केले त्याने. पण करार काही झाला नाही आणि नोव्हेंबरात साहेब परत गेले. शंभर मीटर ९.५८ सेकंदांत पळणारा माणूस! नुसत्या पळण्यावर भागलं असतं तर त्याच्यासाठी क्लबांची रांग लागली असती.

आता आपल्या घरचं उदाहरण घे. कोरो. फेरान कोरोमिनास २०१७ला एफसी गोवात आला तेव्हा चौतिशीचा होता. पहिल्या मोसमात १८ गोल, दुसऱ्यात १६, दोन्ही वेळा सगळ्यात जास्त गोलांचा गोल्डन बूट. तिसऱ्यात आणखी १४. फातोर्ड्याच्या स्टेडियमवर बसून मी त्याला बघायचो, म्हणजे फक्त त्यालाच बघायचो, चेंडू कुठे का असेना. हा गडी बहुतेक वेळ चालत असायचा. बॅकच्या पाठीमागे, त्याच्या नजरेच्या कोपऱ्यात. बॅकने मान वळवून चेंडूकडे बघितलं रे बघितलं की दोन पावलं. दोनच! तेवढ्यात तो मोकळा. त्याच्याहून वेगाने पळणारे बॅक इथे ढिगाने होते, पण त्यांनी पळायला सुरुवात केली तोवर याचा शॉट निघालेला असायचा.

त्याआधीचा आपला धेंपो क्लब घ्या. आर्मांदो कुलासोंच्या हाताखाली राष्ट्रीय लीग आणि आय-लीग मिळून पाच विजेतेपदं. मधल्या फळीत क्लायमॅक्स लॉरेन्स, क्लिफर्ड मिरांडा, ब्राझीलचा बेटो. या तिघांना शंभर मीटरच्या शर्यतीत उतरवून कोणी पैज लावली असती का? पण चेंडू त्यांच्याकडे गेला की समोरचे अकराही पळायचे. चेंडू पळवला की माणसं आपोआप पळतात.

आणि २०१०चा स्पेन? सात सामन्यांत अवघे आठ गोल, आणि वर्ल्ड कप घरी. शावी, इनिएस्ता, बुस्केट्स. त्यातला बुस्केट्स तर पळताना बघितल्याचं मला आठवतच नाही.

(अवांतर: आमच्या वेळी ट्रायल म्हणजे दोन संघ पाडायचे, शर्ट घातलेले नि शर्ट काढलेले, आणि तासभर खेळवायचं. कोच झाडाखाली बसून बिडी ओढायचा. पण त्याचं बोट क्वचितच चुकीच्या पोराकडे गेलं.)

विंगर_अकरा

काका, कोरोला चेंडू पोचवायला बाजूने जॅकीचंद सुसाट सुटायचा ते नाही दिसलं तुम्हाला? फक्त कोरोकडे बघत बसल्यावर कसं दिसणार म्हणा 🙂

तिळामळचा_गोली

गोलकीपरला कोणी विचारतच नाही, म्हणून आपणहून बोलतो.

मी गावच्या संघात गोलात उभा राहतो. वन-ऑन-वन आलेल्या स्ट्रायकरकडे बघताना त्याचा वेग मला त्रास देत नाही. मी बघतो ते त्याचा चेंडू पायापासून किती लांब पडतो ते. बुलेटसारखा येणारा बहुतेक वेळा मान खाली घालून येतो, आणि दर तिसऱ्या-चौथ्या टचला चेंडू त्याच्यापासून दीड-दोन मीटर सुटतो. तो सुटला की मी निघतो. तेवढ्यात अंतर कापलं तर चेंडू माझा. सुसाट पोरांना मी असाच पकडत आलोय.

घाबरवतो तो दुसराच. जरा हळू येणारा, चेंडू बुटाच्या जवळ ठेवून, मान वर. मी पुढे आलो तर तो वरून टाकणार, थांबलो तर कोपरा निवडणार, आणि मी काय करणार ते त्याला माझ्याआधी कळतं. त्याचा पाय मागे गेला म्हणून मी आडवा पडतो, तर त्याने मारलेलाच नसतो. मग उठून जाळ्यातून चेंडू काढायचा आणि बॅकवर ओरडायचं, एवढंच हातात उरतं.

ब्रह्मानंद शंखवाळकरांसारख्या गोलकीपरच्या राज्यात आपण राहतो, तर गोलीच्या बाजूनेही जरा विचार व्हावा.

पीटी_बाई

मी फोंडा तालुक्यातल्या शाळेत शारीरिक शिक्षण शिकवते. मुलामुलींचे दोन्ही संघ माझ्याकडे आहेत. डिचोलीकर, तुमच्या पोस्टमधला मला सगळ्यात महत्त्वाचा वाटलेला शब्द अजून कोणीच उचलला नाही. नोव्हेंबर.

वयोगटाची रेघ साधारण एक जानेवारीला पडते. जानेवारीत जन्मलेला आणि नोव्हेंबरात जन्मलेला, दोघेही कागदावर अंडर-१३. प्रत्यक्षात दहा महिन्यांचं अंतर. बारा वर्षांच्या मुलांत दहा महिने म्हणजे केवढे, हे शाळेत येऊन बघा. त्यावर आणखी एक फरक चढतो: वयात येण्याचा. मुलग्यांची उंची झपाट्याने वाढते ती सरासरी तेरा-चौदाच्या आसपास, पण कोणाची बाराव्या वर्षी सुरू होते, कोणाची पंधराव्या. एकाच बाकावर बसणाऱ्या दोन मुलांत शरीराच्या वयाचा फरक दोन-तीन वर्षांचाही असू शकतो. ज्याची वाढ आधी सुरू झाली त्याचे पाय लांब, स्नायू भरलेले. तीस मीटरला तोच पुढे येणार. स्टॉपवॉचने त्या दिवशी फुटबॉल मोजलाच नाही, जन्मदाखला आणि मिसरूड मोजलं.

जगभरच्या युवा संघांच्या याद्या काढून बघितल्या तर वर्षाच्या पहिल्या तीन-चार महिन्यांत जन्मलेली मुलं भरमसाट सापडतात आणि शेवटच्या महिन्यांतली तुरळक. हा प्रकार संशोधकांनी पुन्हा पुन्हा दाखवलाय. इंग्लंडच्या काही अकादम्यांनी म्हणून वयाऐवजी वाढीच्या टप्प्याप्रमाणे गट पाडून सामने खेळवून बघितले. लहानखुऱ्या मुलांना त्यात पहिल्यांदाच चेंडू मिळाला आणि मोठ्या दांडग्यांना पहिल्यांदाच डोकं वापरावं लागलं.

आता विंगरसाहेबांचा अभ्यास. तो मीही वाचलाय आणि आकडे बरोबर आहेत. पण त्यांनी अर्धाच सांगितला. गोल करणाऱ्याच्या त्या १६१ स्प्रिंटपैकी १२१ चेंडूशिवाय होत्या. म्हणजे तो पळाला ते मोकळ्या जागेकडे, चेंडू यायच्या आधी. आणि पास देणाऱ्याचं बघा: त्याच्या १३७ स्प्रिंटपैकी ९३ चेंडू पायाशी घेऊन. थोडक्यात, एकाला कधी आणि कुठे पळायचं ते कळलं होतं आणि दुसऱ्याला पळता पळता चेंडू सांभाळता येत होता. दोघांतला कुठलाही एक तीस मीटर सरळ पळवून सापडेल का, सांगा.

माझ्याकडे सातवीतली एक मुलगी आहे. पळण्यात वर्गात मधेच कुठेतरी. तिला चेंडू मिळायच्या आधी ती काय करते, ते मी पोरांना मुद्दाम थांबवून दाखवते. पास निघायच्या क्षणी डाव्या खांद्यावरून एकदा मागे बघते. मग अंग अर्धं वळवून उभी राहते, छाती ना पूर्ण पास देणारीकडे ना पूर्ण गोलकडे. चेंडू येतो तो लांबच्या पायावर घेते आणि पहिल्याच स्पर्शात तो रिकाम्या बाजूला सरकवते. मागून झडप घालायला आलेली मुलगी तिच्याहून बरीच चपळ असते, पण ती येते तिथे चेंडू नसतोच. घड्याळ लावलं तर सातवीतली ही मुलगी हळू ठरेल. मैदानावर तिच्याइतकं लवकर कोणी सुटत नाही.

तेव्हा डिचोलीकर, भावोजींना सांगा, चेंडू कपाटावरून खाली काढा. आजच.

स्टँडवरचा

बाई, पोस्ट जपून ठेवलीय.

मला २०१७ आठवलं. अंडर-१७ वर्ल्ड कपचे सामने फातोर्ड्याला होते. इराणने जर्मनीला ४-० लोळवलं तेव्हा मी तिथे होतो. आजूबाजूला सगळे जर्मनीचे शर्ट घालून आलेले, हळूहळू गप्प होत गेले. इराणची पोरं चेंडू हिसकावला की अशी सुटायची की जर्मन बॅक मागे वळेपर्यंत खेळ खल्लास. त्या दिवशी मी विंगरच्या पार्टीत होतो!

मग तिथेच इंग्लंड-अमेरिका क्वार्टर फायनल, ४-१, ब्रूस्टरची हॅट्ट्रिक. हा पण चपळ. पण त्या इंग्लंड संघातून स्पर्धेतल्या सर्वोत्तम खेळाडूचा गोल्डन बॉल कोणाला मिळाला? फिल फोडेनला. तेव्हा तो वाऱ्याने उडेल असा दिसायचा. अंगापिंडाने बघायला गेलं तर डिचोलीच्या भाच्याचाच मोठा भाऊ.

सत्तरी_सात

सगळे खेळाडूंवर बोलताहेत, मैदानावर कोण बोलणार?

आमच्या भागात सपाट मैदान म्हणजे चैन. भात कापून झालं की शेतात खेळायचं, धसकटं तशीच. चेंडू कुठून कुठे उडेल त्याचा नेम नाही. लोक म्हणतात अशा जमिनीवर टच तयार होतो. ज्यांनी खेळून बघितलंय त्यांना विचारा. अशा जमिनीवर जमिनीलगत पास देणं मूर्खपणाचं असतं. तीन पासांत चेंडू हरवतो. मग शहाणा संघ काय करतो? पेडणेकर म्हणाले तेच: घाल पुढे नि धाव. आमच्याकडच्या स्पर्धा वर्षानुवर्षं सुसाट पोरांनी जिंकल्या त्या याच कारणाने. जमीनच वेगाला मत देते. टर्फवर वाढलेल्या कोचांना ते कळत नाही, आणि शेतात वाढलेल्या कोचांना टर्फवर गेल्यावरही तेच सुचतं.

पावसाळ्यात तर विचारूच नका. माशेलच्या चिखलकाल्यात आणि आमच्या जुलैच्या सामन्यात फरक एवढाच की आमच्याकडे रेफरी असतो.

जुना_हाफ_मडगाव

सत्तरीबाब, अर्धं मान्य. पण सासष्टीतली पिढ्यान् पिढ्यांची पोरं त्याच धसकटांत वाढली आणि त्यातून कसले कसले टचवाले निघाले! कारण सामना जिंकायला चेंडू पुढे मारायचे हे खरं, पण सामना आठवड्यातून एकदा. बाकीचे दिवस चार-चारजणांत, दोन दगडांचा गोल, शेताच्या एका कोपऱ्यात. तिथे पळायला जागाच नसायची. बांध आडवा. चेंडू बांधापलीकडे गेला तर आणायला आपणच जायचं, शिव्या खात. त्या भीतीने चेंडू पायाशी ठेवायला शिकलो आम्ही, कोणा कोचने नव्हतं शिकवलं.

विंगर_अकरा

बाईंचं वाचलं. जन्मतारखेचा मुद्दा जोरदार आहे, त्यावर माझ्याकडे उत्तर नाही. पण एक सांगा. आज मागे आहे तो उद्या वाढला की वेगवान होईलच, याची काय गॅरंटी? वाढ झाली तरी हळूच राहिलेले कितीतरी मी बघितलेत. स्नायू जन्माचे असतात. आणि सिनियरला गेल्यावर वेग नसलेल्या टचवाल्याला कोणी विचारत नाही, हेही तेवढंच खरं. काका बुस्केट्स सांगतात, पण बुस्केट्स एक आणि ते न जमलेले हजार. ते हजार कोणाला आठवतात?

पीटी_बाई

गॅरंटी कसलीच नाही, आणि वेगाचा मोठा हिस्सा जन्मानेच येतो हे मलाही मान्य आहे. मी वेग नको म्हणत नाही. वेगाचे दोन प्रकार आहेत आणि ट्रायलला चुकीचा मोजतात, हे माझं म्हणणं.

बोल्टचंच घ्या. बर्लिनला २००९मध्ये त्याने विक्रम केला तेव्हा त्याचा सगळ्यात जास्त वेग साठ ते ऐंशी मीटरच्या टप्प्यात होता. फुटबॉलमध्ये ऐंशी मीटर सरळ मोकळं रान कोणाला मिळतं? खेळाडू सामन्यात दहा-अकरा किलोमीटर हिंडतो, त्यातलं पूर्ण ताकदीने पळणं अगदी थोडं, आणि तेही बहुतेक दहा-वीस मीटरच्या तुकड्यांत. म्हणजे खरं काम पहिल्या पाच-दहा मीटरचं. पहिलं पाऊल कसं टाकता, अंग किती पुढे झुकतं, थांबून वळता कसं. हे बऱ्यापैकी शिकवता येतं आणि ताकद आल्यावर, म्हणजे पंधरा-सोळाला, झपाट्याने सुधारतं.

चेंडूचं मात्र उलट. पायाला जी जाण बारा-तेराच्या आत हजारो स्पर्शांतून येते, ती अठराव्या वर्षी क्लास लावून आणणं फार कठीण. म्हणून क्रम महत्त्वाचा. आधी चेंडू, मग इंजिन. ट्रायलवाले इंजिन बघून गाडी घेतात आणि मग कोणालाच स्टिअरिंग येत नाही म्हणून कपाळाला हात लावतात.

आणि नुसत्या वेगावर उभा केलेला खेळाडू किती नाजूक असतो ते इंग्लंडच्या मायकेल ओवेनला विचारा. १९९८च्या वर्ल्ड कपात अर्जेंटिनाच्या बॅकना अठराव्या वर्षी पळवून पळवून दमवलं. पुढच्याच वर्षी मांडीमागचा स्नायू फाटला आणि तो आधीचा झटका पुन्हा कधी पूर्ण आला नाही. २००१ला वर्षातल्या सर्वोत्तम खेळाडूचं बॅलन डी'ऑर मिळालं ते गोलसमोरच्या थंड डोक्यावर. ते डोकं नसतं तर?

जुना_हाफ_मडगाव

बाई, याला आपला मंदार राव देसाई लावा. विंगवर सुरुवात केलेला पोरगा, पळण्यात कोणाला न ऐकणारा. एफसी गोवाचा तेव्हाचा कोच लोबेराने त्याला लेफ्ट बॅक केला तेव्हा आम्ही स्टँडवर कपाळावर हात मारला. पण लोबेराच्या संघात बॅकने चेंडू भिरकावून द्यायचा नसतो, मागून खेळत बाहेर काढायचा असतो. नुसता धावणारा तिथे दोन सामन्यांत बाकावर गेला असता. हा टिकला, पुढे लोबेराबरोबर मुंबईत जाऊन २०२०-२१ला आयएसएलची शील्ड आणि ट्रॉफी दोन्ही घेऊन आला. वेग होता म्हणून नजरेत भरला, चेंडू राखता येत होता म्हणून टिकला.

आणि एफसी गोवाने २०२०ला लीग शील्ड जिंकली ते शेवटचे सामने कोणी सांभाळले? लोबेरा गेल्यावर क्लिफर्डने. धेंपोच्या मधल्या फळीतलाच. हे मी उगाच आठवण करून देतोय असं समजा.

पेडणे_एक्स्प्रेस

काकांनी धेंपो तिसऱ्यांदा आणला तर धाग्याला कुलूप लावा.

डिचोलीकर

सगळ्यांचे आभार. बाईंची पहिली पोस्ट भावोजींना मोठ्याने वाचून दाखवली. ते ऐकून घेतात, पण मान लगेच हलवत नाहीत, तसे गप्प बसले. रात्री चेंडू कपाटावरून खाली आला, तोही बहिणीने काढला. स्प्रिंटचा विचार पूर्ण सोडलेला नाही. त्यांचं म्हणणं, दोन्ही करू. यालाही हरकत नसावी ना?

दुसरं: शाळेचा संघ आहे, पण सराव सामन्याआधी चार दिवस. मग रोजच्या रोज घरी काय करून घ्यायचं? अंगण छोटं आहे, समोर रस्ता.

पीटी_बाई

छोटं अंगण असेल तर उत्तमच. भिंत आहे ना? भिंतीवर पास, एकदा उजव्याने, एकदा डाव्याने, आणि चेंडू परत येताना प्रत्येक वेळी मागे बघायचं. मागे उभं राहून तुम्ही हाताची बोटं दाखवा, किती ते त्याने चेंडू घेताघेता सांगायचं. सुरुवातीला चिडेल. आठवडाभराने तोच तुम्हाला उभं करील. डावा पाय टाळू देऊ नका, जेवणाआधी फक्त डावा.

जवळपास फुटसाल खेळणारी मुलं असतील तर तिथे सोडा. चेंडू लहान, कमी उसळणारा, जागा अपुरी, आणि पाचजणांत लपायला जागा नाही. रोनाल्डिन्हो, नेमार लहानपणी तेच खेळत मोठे झाले. तासाभरात मोठ्या मैदानापेक्षा कितीतरी जास्त वेळा चेंडू पायाला लागतो.

स्प्रिंट आठवड्यातून दोनदा, थोडीच, ताज्या पायांनी. दमल्यावर पळवून वेग वाढत नाही, फक्त पोर चेंडूवर रुसतं. उंची एकदम वाढायला लागली की काही महिने पायांचं तंत्र बिघडेल, टाच किंवा गुडघा दुखेल. तेव्हा "जमत नाही" म्हणून ओरडू नका आणि दुखणं अंगावर काढू देऊ नका.

आणि पुढच्या ट्रायलला आधी विचारा: शेवटी खेळवणार आहात का? नुसतं पळवणार असतील तर दुसरीकडे जा. गोव्यात क्लब कमी नाहीत.

विंगर_अकरा

डिचोलीकर दादा, स्प्रिंटसाठी बांबोळीला कशाला हेलपाटे घालता? रविवारी सकाळी मी आमच्या मैदानावर चार-पाच पोरांना स्टार्ट शिकवतो. पहिली पाच मीटर, वळणं, थांबणं. बाईंच्या हिशेबात बसणारंच. भाच्याला घेऊन या. वॉर्मअपला त्याच्याकडून मलाही दोन गोष्टी शिकता येतील असं वाटतंय.

डिचोलीकर

नक्की येतो. स्पाइक्स घ्यावे लागतील का? भावोजी दुकानात निघालेच आहेत.

विंगर_अकरा

थांबवा त्यांना! गवतावर पळायचंय, रोजचे स्टड पुरे. आणि चेंडू त्याचा त्याने आणायचा, आमच्याकडचे दोन्ही पंक्चर आहेत.